खोबरेल तेलातलं रसोडं

आमच्या घरात तेल विकत आणायची पद्धत नव्हती. बोर्डीला ज्यांची ज्यांची वाडी होती, त्यांच्यापैकी बहुतेकांकडे ही पद्धत नव्हती. नारळ आपले, खोबरं आपल्या खळ्यात वाळवलेलं, घाणा गावातलाच, आणि तेल स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या दोन चिनी मातीच्या बरण्यांत. वालाच्या बिरड्याला फोडणी त्याच तेलाची, आमच्या वेण्यांना चोपडायचं तेच, देवापुढची वात त्यातच भिजायची. दाराची बिजागरी कुरकुरली की आई बोटभर तेल तिथं लावायची आणि कुणाचा हात भाजला की तेच बोट तिथं. डॉक्टरकडे जायच्या आधी एकदा बरणीकडे जायचं, असा घरचा शिरस्ता होता. थंडीत हे तेल बरणीत थिजून पांढरं दगडासारखं व्हायचं, मग सकाळी चुलीच्या उबेला बरणी सरकवायची. हे सगळं मी इतकं तपशिलात लिहिते आहे, कारण माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी फजिती त्याच बरणीतून निघाली. सत्तरी उलटल्यावर फजिती सांगायला लाज वाटत नाही, हा म्हातारपणाचा एक फायदा आहे.

अप्पा म्हणजे माझे वडील. त्यांचा चिकूवर जेवढा विश्वास होता तेवढा माणसांवर नव्हता. चिकू झाडावर असताना पिकला की कच्चा ते वरून कळत नाही. अप्पा फळाच्या अंगावरचा तपकिरी भुसा अंगठ्याने चोळायचे. भुसा सहज सुटला की मग नखाचा एक बारीक ओरखडा. खाली हिरवं दिसलं तर कच्चं, पिवळट दिसलं तर म्हणायचे, "उतरवायला झालं." मग बांबूला जाळी लावलेली बेडणी घेऊन गडी चढायचे. दुपारभर ओटीवर चिकू पुसून करंड्यांत भरायचं काम चालायचं, पेंढ्याचा खसखस आवाज आणि त्या गोडसर, जराशा आंबूस वासात आमचं सगळं लहानपण गेलं. अप्पांना त्या अंगठ्याची इतकी सवय होती की कुठल्याही वस्तूची पारख ते तसंच करत. नवं कापड आणलं की अंगठ्याने चोळायचे, घराला चुना दिला की चोळायचे. मावसबहिणीचं स्थळ आलं तेव्हा त्या मुलाचा हात हातात घेऊन बराच वेळ सोडेनात, तेव्हा आई कशीबशी हसू दाबून चहा आणायला आत पळाली होती.

मला चित्रं काढायची होती. मुंबईला चित्रकलेचं कॉलेज आहे, तिथं मुलीसुद्धा शिकतात, हे मला राऊत सरांनी सांगितलं होतं. राऊत सर आमच्या शाळेत चित्रकला आणि भूगोल शिकवायचे, आणि नकाशे इतके सुंदर काढायचे की नदीच्या रेषेवरून बोट फिरवावंसं वाटे. अप्पांच्या मते चित्र ही रांगोळीसारखी गोष्ट होती, दिवाळीला चांगली दिसते. त्यांनी माझ्यासाठी डी.एड.चा फॉर्म आणून ट्रंकेत ठेवला होता. शिक्षिका झाली की पोरीला आयुष्यभर कुणापुढे हात पसरायला नको, एवढं साधं त्यांचं म्हणणं. ते वाईट नव्हतं, आणि म्हणूनच मला त्यांच्याशी धड भांडताही येत नव्हतं. आई दोघांच्या मध्ये उभी राहून भाकऱ्या थापत राहायची.

त्या वर्षी वार्षिक परीक्षा झाल्यावर राऊत सर घरी आले. तलासरीच्या बाजूला एका तळ्याकाठी एका ट्रस्टची छावणी होती, दर उन्हाळ्यात तिथं महिनाभर मुलांचं शिबिर भरायचं आणि सर त्याचे प्रमुख असायचे. छावणीच्या इमारती जुन्या, कुडाच्या, म्हणजे कारवीच्या काठ्या उभ्या बांधून त्यावर शेणमातीचं लिंपण केलेल्या. वर कौलं. त्या शिबिर संपलं की पाडायच्या आणि स्लॅबच्या बांधायच्या असं ट्रस्टने ठरवलं होतं. पण ट्रस्टमधल्या मोठ्या शेठजींचं मन त्या जुन्या घरांत अडकलं होतं, त्यांच्या वडिलांनी ती उभी केली होती. नव्या सभागृहात वडिलांच्या तैलचित्राशेजारी या पाच इमारतींचीही तैलचित्रं लावायची, असं त्यांच्या मनात आलं. मुंबईच्या कुणा चित्रकाराला बोलवायचं चाललं होतं, तेव्हा सर म्हणाले, माझी एक विद्यार्थिनी आहे. सरांनी हे अप्पांना सांगितलं. चहा संपल्यावर अप्पांनी अट घातली. शिबिराच्या समारोपाला ती चित्रं शेठजींनी पसंत करून भिंतीवर लावली, तर शालू, म्हणजे मी, मुंबईला जाणार. नाही लावली, तर ट्रंकेतला फॉर्म भरायचा आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही. मी दाराआडून ऐकत होते. मला तिथंच नाचावंसं वाटलं.

मी तोवर एकही तैलचित्र काढलं नव्हतं, ही गोष्ट सर आणि मी दोघांनीही अप्पांना सांगितली नाही.

छावणी फार देखणी होती. मे महिन्यात तळं आटून काठापासून बरंच आत सरकायचं, मधल्या चिखलाला भेगा पडायच्या आणि त्या भेगांतून बगळे कुणाची तरी हरवलेली वस्तू शोधत असल्यासारखे हिंडायचे. काठाला ओळीने पाच इमारती. प्रार्थनेची मोठी पडवी, मुलांची लांब खोली, मुलींची लांब खोली, रसोडं म्हणजे स्वयंपाकघर, आणि थोडं पुढे, पाण्याच्या कडेला उकिडवं बसल्यासारखं पंपघर. पडवीच्या वाशाला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला होता, तो लोखंडी सळीने वाजवला की मुलं उठायची, जेवायची, झोपायची. त्या रुळाचा आवाज तळ्यावरून पलीकडच्या टेकडीपर्यंत जाऊन परत यायचा, म्हणजे प्रत्येक जेवणाला आम्हाला दोनदा बोलावणं असायचं.

रसोडं बुधीबायच्या ताब्यात होतं. बुधीबाय गंजाडची, वारली बाई, छावणी बांधली तेव्हापासून तिथं दर उन्हाळ्यात येणारी. स्वयंपाक तर ती करायचीच, पण शिबिराच्या आधी आठ दिवस येऊन सगळ्या भिंती नव्याने लिंपण्याचं कामही तिचंच असायचं. नागलीची भाकरी ती हातावरच गोल फिरवत मोठी करायची, आणि ती भाकरी, कच्च्या कैरीची चटणी आणि पातळ तुरीची आमटी एवढ्यावर साठ मुलं वाडगे चाटूनपुसून उठायची. ती कमी बोलायची. मी रंगांची पेटी उघडून बसले की येता-जाता थांबून बघायची, मान हलवायची आणि निघून जायची. मान होकाराची की नकाराची ते कळायचं नाही.

सरांनी मुंबईहून रंगाच्या नळ्या, ब्रश आणि अळशीच्या, म्हणजे जवसाच्या, तेलाची एक लहान बाटली मागवली होती. तैलरंग दाट असतो, तो पातळ करायला हे तेल लागतं. सुताराकडून सहा चौकटी करून घेतल्या, पाच इमारतींच्या आणि एक चुकलीच तर म्हणून जादा. त्यांवर मांजरपाट ताणला, रंग धरावा म्हणून सरस आणि सफेदा, म्हणजे पांढऱ्या रंगाचा हात, लावला. मी पहिली पडवी रंगवायला घेतली आणि नवशिक्याच्या उदारपणाने तेल वापरलं. ब्रश धुवायला तेल, हाताचा रंग काढायला तेल, आकाश पसरायला तेल. पडवी संपली आणि बाटलीही संपली. चित्र मात्र सुरेख झालं होतं. पाचसहा दिवसांत ते खडखडीत वाळलं.

दुसरी बाटली मुंबईहून यायला दहाबारा दिवस लागले असते. सर बाटली संपली त्याच दिवशी मुलांना घेऊन दोन दिवसांच्या पदयात्रेला गेलेले. मी विचार केला, तेल म्हणजे तेल. जवसातून निघतं तसं नारळातून निघतं. माझ्या ट्रंकेत केसांसाठी आईने दिलेली घरच्या तेलाची मोठी बाटली होतीच. अळशीचं तेल पिवळं, जुनाट वासाचं, आणि आमचं पाण्यासारखं नितळ. मला ते जास्तच चांगलं वाटलं. वाळेल की नाही ही शंका मनात आली नाही असं नाही, पण तिचं उत्तरही तयार होतं. बरणीतलं तेल दगडासारखं घट्ट होतं हे मी जन्मापासून पाहत आले होते. घट्ट होणं आणि वाळणं यात फरक असतो, हे कोकणातल्या मुलीला कोण सांगणार? घाटावरची कुणी असती तर तिच्या हातून ही चूक झालीच नसती, कारण तिच्या ट्रंकेत एवढं खोबरेल नसतंच.

पुढचे दिवस मी हवेत होते. मुलांची खोली, मुलींची खोली, पंपघर, रसोडं. सकाळी तळ्यात इमारतींचं प्रतिबिंब स्थिर असे तेवढ्यात पाणी रंगवायचं, दुपारी कौलं. खोबरेलामुळे रंग लोण्यासारखा पसरत होता. चित्रं ओली दिसत होती, पण तैलचित्रांना अशी चमक असतेच असं मी स्वतःला सांगितलं. सर परत आले, तेव्हा मी त्यांना तेलाचं काही बोलले नाही. लपवायचं म्हणून नव्हे, मला त्यात सांगण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. त्यांनी लांबून पाहिलं आणि फार आनंदले. बुधीबायने मात्र रसोड्याच्या चित्रापुढे पहिल्यांदा तोंड उघडलं.

"भित माझी नाय ही," ती म्हणाली.

मी विचारलं, का? ती म्हणाली, भिंत कागदासारखी दिसते, हात कुठे आहे? आणि भाकरी करपायला लागली म्हणून आत गेली. मला राग आला. शेणाने भिंती सारवणाऱ्या बाईला चित्रातलं काय कळतं, असं माझ्या मनात आलं. आज हे वाक्य लिहिताना कान लाल होतात, पण आलं होतं ते आलं होतं.

समारोपाला नऊ दिवस उरले असताना अप्पा छावणीवर आले. मुलांसाठी चिकूच्या दोन करंड्या घेऊन, एस.टी.च्या टपावर त्या चढवून, दोन ठिकाणी गाड्या बदलून. मला भेटायला आलो असं ते कधीच म्हणाले नसते, चिकू जास्त झाले होते म्हणून आलो म्हणाले. मी त्यांना पडवीत नेलं. पाचही चित्रं भिंतीला टेकवून ओळीने मांडली होती. अप्पा हात मागे बांधून एकेका चित्रापुढे थांबत गेले. रसोड्यापाशी ते बराच वेळ थांबले आणि वाकून बघायला लागले. मला वाटलं, जिंकलं. तेवढ्यात त्यांचा उजवा हात पाठीमागून पुढे आला. मी अप्पा अप्पा म्हणेपर्यंत त्यांनी रसोड्याची भिंत अंगठ्याने चोळली होती.

सगळी भिंत अंगठ्याबरोबर सरकली. अप्पांनी अंगठा डोळ्यांसमोर धरला. तो तांबूस तपकिरी रंगाने भरला होता. मग त्यांनी तो नाकाशी नेला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी अजून विसरलेले नाही. राग नव्हता. ओळख होती.

"हे तर आपल्या घरचं तेल गो," ते म्हणाले.

मी मुलांच्या खोलीला हात लावला. ओली. मुलींची खोली, पंपघर, सगळं ओलं. पंधरा दिवसांपूर्वीचं ओलं, आणि त्या उन्हात तर ते तेल आणखीच पातळ झालेलं. फक्त पडवी वाळलेली होती. सर कपाळाला हात लावून बाकावर बसले. अप्पांनी धोतराला अंगठा पुसला, पुसून न गेल्यावर तसाच राहू दिला आणि शांतपणे म्हणाले की कच्चं आहे. वर म्हणाले की डहाणूच्या खाडीवर नानू होड्या रंगवतो, त्या आठ महिने पाण्यात असतात, तरी त्यांचा रंग कुणाच्या हाताला लागत नाही. नानूने कुठल्या कॉलेजात शिक्षण घेतलं ते एकदा त्याला विचार. एवढं बोलून ते रिकाम्या करंड्या घेऊन दुपारच्या गाडीने निघून गेले. जाताना चिडलेही नाहीत. चिडले असते तर मला रडता तरी आलं असतं.

मी त्या दिवशी जेवले नाही. संध्याकाळी रसोड्याच्या मागे बसले होते, चित्र मांडीवर घेऊन, खरवडून टाकायला हातात चाकू घेऊन. बुधीबाय भांडी घासायला आली आणि माझ्या खांद्यावरून बघत उभी राहिली. अप्पांचा अंगठा जिथून फिरला होता तिथं रंगात एक अर्धगोल उमटला होता, कडेला जाड, मधे पातळ.

"आता भित झाली," बुधीबाय म्हणाली. "हां. आता हात आला."

मी मान वर करून समोरच्या खऱ्या भिंतीकडे पाहिलं. उन्हं तिरपी झाली होती आणि त्या तिरप्या उजेडात सगळी भिंत अर्धगोलांनी भरलेली दिसत होती. तळव्याचे अर्धगोल, एकाशेजारी एक, एकावर एक, खालपासून वळचणीपर्यंत. वीसबावीस दिवस मी ती भिंत पाहत होते, रंगवत होते, आणि मला ती दिसली नव्हती. भिंत म्हणजे एक रंग असं मी धरून चालले होते. बुधीबायने उठून भिंतीवरच्या एका अर्धगोलावर आपला तळवा ठेवला. तो बरोब्बर बसला. मी चाकू खाली ठेवला. ते चित्र खरवडायचं नाही हे तेव्हाच ठरवलं. सहावी चौकट होती ती या रसोड्यासाठी घ्यायची. आणि अप्पा मला टोचायला म्हणाले होते ना नानूला विचार, तर उद्या विचारायचंच.

सकाळच्या पहिल्या एस.टी.ने मी डहाणूला गेले. नानूकाका खाडीच्या काठावर, ठोकळ्यांवर चढवून ठेवलेल्या होडीच्या पोटाखाली उताणे झोपून फळ्यांच्या भेगा बुजवत होते. अप्पांची आणि त्यांची लहानपणापासूनची ओळख, त्यामुळे माझं नाव सांगायची गरज पडली नाही. मी सगळी हकीकत सांगितली. खोबरेलापाशी आले तेव्हा ते होडीखालून सरपटत बाहेर आले, मला नीट पाहून घेतलं आणि इतके हसले की बाजूला जाळं विणणारे दोघे उठून आले. मग त्यांनाही सांगणं भाग पडलं. मी मान खाली घालून उभी राहिले, पण हलले नाही.

"पोरी, तेल दोन जातीचा असते," हसून झाल्यावर नानूकाका म्हणाले. "एक खायाचा नि एक सुकाचा. खोबऱ्याचा तेल शंभर वर्सं ठेव, नाय सुकाचा."

मग त्यांनी मला दिवसभर बसवून घेतलं. अळशीचं तेल उकळून घेतलं की ते लवकर वाळतं, हे दाखवलं. पातळ थर द्यायचा, वारा लागू द्यायचा, मग दुसरा. तेलकट झालेल्या फळीवर नवा रंग धरत नाही, तेव्हा जुनं सगळं राखेने आणि सोड्याच्या पाण्याने घासून काढायचं. आणि खडूची पूड उकळलेल्या तेलात मळून ते भेगा बुजवायला जो लगदा करतात, ज्याला लांबी म्हणतात, तीही माझ्याकडून मळून घेतली. पोळीच्या कणकेसारखी लागली पाहिजे म्हणाले, तेवढं मला आपोआप आलं. मी लांबीचा गोळा बोटांत घेऊन विचारलं, यात रंग घालता येईल का? हिची भिंत करता येईल का, हाताने? नानूकाकांनी थोडा विचार केला. म्हणाले, होडीला चालते तर भिंतीला का नाही, तुझी भिंत काय समुद्रात जायची आहे? निघताना एका डब्यात तेल आणि कागदात लांबी बांधून दिली.

पुढचे आठ दिवस छावणीवर ज्यांनी मला पाहिलं त्यांना मी वेडी वाटले असेन. बुधीबायने बाकीच्या तीन ओल्या चौकटी चक्क भांडी घासतात तशा काथ्या आणि राखेने घासल्या. निम्मा सफेदाही निघून आला, तो सरांनी पुन्हा दिला. मी वाळलेल्या मांजरपाटावर आकाश, तळं, कौलं ब्रशने पातळ रंगवली, आणि भिंती हाताने लिंपल्या. गेरू आणि पिवळी माती घालून मळलेली लांबी अंगठ्याने अर्धगोल पसरायची, एकाशेजारी एक. पहिल्या दिवशी अंगठे फिरवता येईनात, चौथ्या दिवशी ते आपोआप फिरायला लागले. बुधीबाय शेजारी बसून हात कुठून सुरू होतो ते सांगायची. भिंतीला नेहमी खालून वर हात जातो, कारण वरून घेतला की ओली माती घसरते. चित्रातली भिंत कुठे घसरणार होती, पण मीही खालूनच घेतला. दुपारच्या झळा त्या दिवसांत मला आवडायला लागल्या. चौकटी पंपघराच्या तापलेल्या भिंतीला टेकवून ठेवायच्या आणि दर तासाला कोपऱ्यात बोट लावून बघायचं. सातव्या दिवशी सकाळी मी बोट लावलं आणि ते कोरडं आलं. मी रुळाच्या तुकड्याकडे धावत गेले आणि सळीने बडवत सुटले. साठ मुलं ताटं-वाडगे घेऊन जेवायला हजर झाली.

समारोपाला पडवीच्या भिंतीवर पाच खिळे ठोकून सरांनी चित्रं टांगली. शेठजी मोटारीने आले, त्यांची पत्नी आणि दोन ट्रस्टी बरोबर. बोर्डीहून अप्पा आले, धुतलेला कोट घालून, आणि सगळ्यात मागे उभे राहिले. शेठजी पडवीच्या चित्रापाशी हसले, पुढे मुलांची खोली, मुलींची खोली, पंपघर बघत गेले आणि रसोड्यापाशी थांबले. वरून येणारा उजेड तिरपा पडत होता, आणि अंगठ्यांचे सगळे अर्धगोल उठून दिसत होते. त्यांच्या बायकोने पदर तोंडाला लावला. "आ तो आपलं रसोडुं," ती गुजराती-मराठी मिसळून म्हणाली. "बापुजी आ भित पासे बसून चा पियायचे." शेठजींनी चश्मा काढून पुसला. बुधीबाय दारातून आत आली, सगळ्यांसमोर चित्रापाशी गेली आणि एका अर्धगोलाकडे बोट करून म्हणाली, ही भित माझी हाय.

आणि मग मागून अप्पा पुढे आले. लोकांनी वाट दिली. ते काय करणार हे मला पक्कं माहीत होतं. सर माझ्याकडे बघत होते, मी सरांकडे. अप्पांनी शेठजींच्या देखत अंगठा पुढे केला आणि रसोड्याची भिंत चोळली. नीट चोळली, चिकूचा भुसा चोळतात तशी, आणि नखाने कोपऱ्यात एक बारीक ओरखडाही काढला. मग अंगठा वर धरून बघितला. स्वच्छ होता. नाकाशी नेला. खोबरेलाचा वास नव्हता. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही, शेठजींकडे वळले आणि आपल्या बागेतल्या फळाबद्दल बोलावं तसं म्हणाले,

"उतरवायला झालं."

कुणालाच काही कळलं नाही. मला कळलं. मी पडवीच्या खांबाला धरून इतकी रडले की शेठजींच्या बायकोला वाटलं मला बरं नाही. ट्रंकेतला डी.एड.चा फॉर्म अप्पांनी घरी पोचल्यावर स्वतः काढला, चारी बाजूंनी दुमडला आणि चिकूच्या करंडीच्या तळाशी घातला. जूनमध्ये मी मुंबईला गेले. तिथं पहिल्याच वर्षी एका सरांनी विचारलं की भिंत अशी अंगठ्याने लिंपायला कुणाकडे शिकलीस, तेव्हा मी तीन नावं सांगितली. त्यातलं एकही त्यांना माहीत नव्हतं.

त्या पाचही इमारती पाडल्या. नवं सभागृह स्लॅबचं आहे, त्याच्या छताला ओल येते, भिंतीचे पोपडे पडतात. पण तिथं लावलेल्या पाच चित्रांतल्या भिंती शाबूत आहेत, मी मागच्या वर्षी जाऊन पाहिल्या. तिथल्या एका शिक्षिकेने मोबाइलवर फोटो काढून मला पाठवला. रसोड्याच्या कोपऱ्यात अप्पांच्या नखाचा ओरखडा अजून आहे, तो दुरुस्त करू का असं तिने लिहिलं होतं. मी तिला लगेच फोन करून सांगितलं की त्याला हात लावाल तर बघा.

सहावं चित्र, खोबरेलाचं, माझ्या स्वयंपाकघरात आहे. पन्नास वर्षं होऊन गेली. धूळ बसते, माशा चिकटतात, सुना नाक मुरडतात. अप्पांना जाऊन बरीच वर्षं झाली, आणि बोर्डीच्या वाडीतले त्यांचे जुने चिकू काढून आता नवे लावलेत. आज सकाळी चहा ठेवून मी त्या भिंतीवरच्या अर्धगोलात माझा अंगठा ठेवला. तो बरोबर बसला. काढून पाहिला तर रंग लागलेला होता. नाकाशी नेला, आमच्या घरचं तेल. मग मी त्या रिकाम्या स्वयंपाकघरात मोठ्याने म्हटलं, अप्पा, हे अजून कच्चंच आहे.